पहिलं घावन कॅमेऱ्याचं: घरच्या खाण्यापिण्याचे फोटो

आमच्याकडे ठरलेलं आहे: तव्यावरून उतरलेलं पहिलं घावन कॅमेऱ्याचं, दुसरं सासऱ्यांचं. पहिल्यासाठी मला जेमतेम एक मिनिट मिळतं. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर सासूबाई ताट उचलतात आणि “फोटोनं पोट भरत नाही हो” म्हणत पुढे वाढतात. त्यांचं काही चुकत नाही. फोटोपायी घरात कुणी गार आमटी खावी हे मलाही पटत नाही. म्हणून माझी सगळी पद्धत याच अटीवर बेतलेली आहे: पदार्थ येण्याआधी बाकीचं सगळं तयार हवं. पदार्थ आला की फोकस बघायचा आणि बटण दाबायचं.

घर रत्नागिरीतलं, कौलारू, पुढे पडवी आणि स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी. तुमचा फ्लॅट असेल तर बाल्कनीचं सरकतं दार धरा, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

उजेड

सगळ्यात आधी ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा. स्वयंपाकघरात हे कुणाला आवडत नाही, तरी बंद करा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा) आसपास असतो आणि पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. दोन्ही एकाच ताटावर पडले की भाताची एक बाजू निळसर येते, दुसरी पिवळट. मग नंतर मोबाइलवर कितीही खटाटोप करा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

ताट खिडकीजवळ अशा बेतानं ठेवा की उजेड बाजूनं किंवा किंचित मागून येईल. आपल्या पाठीमागून उजेड आला तर पदार्थ सपाट दिसतो आणि वर आपलीच सावली ताटात पडते. बाजूच्या तिरप्या उजेडात थालीपीठावरचे बोटांचे ठसे उठून दिसतात, भाकरीचा सुटलेला पापुद्रा दिसतो. घावनाला तर दुसरा उजेड नकोच. पीठ पातळ आणि बिडाचा तवा चांगला तापलेला असेल तर जाळी पडते, पण फोटोत ती दिसायला प्रत्येक छिद्राच्या एका कडेला बारीकशी सावली लागते. उजेड सरळ वरून आला की तीच जाळी पुसट होते. मी घावन पूर्ण पसरत नाही, अर्धं दुमडते. घडीच्या कडेतून थोडा उजेड आरपार जातो, घडीखाली सावली पडते आणि घावन किती पातळ आहे ते न सांगता कळतं. शेजारी नारळाच्या रसाची वाटी, बस. कोथिंबिरीची काडी उगाच टोचायची नाही. घावनावर कोथिंबीर कोण घालतं?

ऊन थेट आत येत असेल तर खिडकीवर पांढरा पंचा टाका. नवा कोरा नको, धुऊन धुऊन विरलेला हवा. रंगीत पडदे मात्र पूर्ण बाजूला सारा. हिरव्या पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात सोलकढीचा गुलाबी रंग मातकट होतो.

सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा. नव्या शर्टाच्या खोक्यातला, मिठाईच्या बॉक्सचं झाकण, काहीही चालतं. कालनिर्णयचं जुनं पान फाडून घ्याल तर मागे पाककृती नाहीतर लेख छापलेला, म्हणून ते बाद. पुठ्ठा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. तर्रीदार रस्सा किंवा काळ्या वाटाण्याची उसळ असेल तेव्हा मी उलट करते, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या जागी काळी छत्री उघडून ठेवते. सावली आणखी गडद होते आणि रश्शाला खोली येते. छत्र्यांची कोकणात ददात नाही.

आधी रिकामं ताट

जागा ठरली की रिकामं ताट मांडा. भाताच्या जागी पालथी वाटी, भाजीच्या जागी लिंबू किंवा कांदा ठेवा आणि दोन-चार फोटो काढून बघा. अ‍ॅपर्चर, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसण्याची सोय) सगळं इथेच ठरवून टाकायचं आणि कॅमेरा मॅन्युअलवर ठेवायचा. खिडकीपासून हातभर अंतरावर, सकाळी, माझी सुरुवात अ‍ॅपर्चर एफ ४ (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा वाढला की छिद्र लहान), शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ४०० अशी असते. आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी आयएसओ १६०० पर्यंत नेते आणि दाण्यांची फिकीर करत नाही. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. कॅमेरा हातात असेल तर शटर १/१०० च्या खाली आणू नका.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. समोर काहीही असो, मीटर त्याला मधल्या करड्या छटेवर आणू बघतं. म्हणून उकडीचे मोदक, दहीभात, ताक हे सगळे फोटोत मळकट येतात. पांढऱ्या पदार्थाला दोन तृतीयांश ते एक स्टॉप जास्त उजेड द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). गडद पदार्थाला तेवढंच कमी.

लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्याकडे लालच जास्त: तर्री, कोकम, लसणीची चटणी. अशा वेळी साध्या हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर) सगळं आलबेल दिसतं, पण लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा उघडून पाहिला तर तो उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला असतो. मग कोकमाचं सरबत एका सपाट लाल डागासारखं येतं, त्यातली गडद-फिकी छटा गायब. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा आणि जमलं तर रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

लेन्स

माझ्याकडे नायकॉनची जुनी डीएक्स बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे आणि दोन लेन्सा, ३५ मिमी एफ १.८ आणि ५० मिमी एफ १.८ डी. दुसरी सेकंडहँड. डी प्रकारच्या लेन्सेत मोटर नसते आणि माझ्या बॉडीतही नाही, त्यामुळे ५० मिमीचा फोकस हातानं फिरवावा लागतो. ताट काही पळून जात नाही, म्हणून त्याची अडचण होत नाही. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. त्याहून खात्री हवी असेल तर मागच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा.

३५ मिमी लेन्स ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, ५० मिमी डी ४५ सेंटिमीटरपर्यंतच. एका वाटीचा, एका लाडवाचा फोटो हवा असेल तर हा फरक जाणवतो. वरून पूर्ण ताट घ्यायचं तर गोष्ट उलटी. डीएक्स बॉडीवर ५० मिमीनं अख्खं ताट आजूबाजूच्या जागेसकट चौकटीत बसवायला कॅमेरा ताटापासून सव्वा मीटरच्या आसपास वर न्यावा लागतो. टेबलावर ताट ठेवलंत तर स्टुलावर चढावं लागेल, आणि हातात कॅमेरा घेऊन स्टुलावर चढण्याइतका कोणताच फोटो महत्त्वाचा नाही. ताट जमिनीवर घ्या. पाटाची जागा तीच, पंगतीची जागा तीच. उभ्याउभ्या किंचित वाकून चौकट जमते. फक्त खिडकीचा उजेड जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून ताट उघड्या दाराजवळ, उंबऱ्याच्या आत मांडा.

लेन्सवर १.८ लिहिलंय म्हणून १.८ वरच फोटो काढायचा हा हट्ट सोडा. ५० मिमीनं अर्ध्या मीटरवरून, एफ १.८ वर, डीएक्स बॉडीवर जेमतेम पाऊण सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पुरणपोळीची पुढची कड स्पष्ट, तूप धूसर, हे काय कामाचं? एफ ५.६ वर तोच पट्टा दोन सेंटिमीटरच्या पुढे जातो. तिरक्या कोनातून मी बहुतेक एफ ४ ते ५.६ वर असते. ताटाचा फोटो सरळ वरून घेताना सगळं जवळपास एकाच पातळीत असतं, तिथेही ५.६ पुरतं, उभ्या पापडासाठी थोडं जास्त.

जुन्या लेन्सांचा नाद असेल तर सोव्हिएत काळातली हेलिऑस ४४-२ शोधा. ५८ मिमी, एफ २, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची, जर्मनीच्या झाइस कंपनीच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बायोटार लेन्सवरून बेतलेली. मागे झाडाची पानं असतील तर पार्श्वभूमी गरगर फिरल्यासारखी येते; डीएक्सवर कडा कापल्या जातात म्हणून ती गरगर कमी दिसते. नायकॉनवर लावताना काच नसलेलं साधं अ‍ॅडॉप्टर घेतलं तर लांबचं काही फोकस होत नाही. पण आपल्याला समोरचा डोंगर कुठे टिपायचाय? हातभर अंतरावरची वाटी नीट फोकस होते. साध्या नायकॉन बॉडीवर मीटर मात्र चालत नाही, अंदाजानं काढा आणि हिस्टोग्राम बघा.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: जवळ जाऊन मुख्य लेन्सनं फोटो काढला की पुढची वाटी फुगते आणि मागचं ताट आक्रसतं. दोन पावलं मागे या, दुप्पट झूम करा. पोर्ट्रेट मोड पेल्यांच्या कडा खातो, तो बंद ठेवा.

डावं-उजवं

पान वाढायची आपली रीत ही आयती चौकट आहे. मीठ वर मध्यावर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. पुढ्यात भात, वर वरण, वर तूप. फोटो घेताना जेवणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं. समोरून, म्हणजे वाढणाऱ्याच्या बाजूनं घेतलात तर मीठ खाली आणि भात वर असं उलटं पान दिसतं, आणि घरातली मोठी माणसं ते पहिल्या नजरेत पकडतात. हौसेनं फोटो आरशासारखा फिरवू नका, चटणी उजवीकडे जाते. चव तीच राहते हे मान्य, पण मी तरी तो फोटो पाठवणार नाही.

स्टीलच्या वाटीत आपला चेहरा, कॅमेरा, पंखा सगळं दिसतं. लाल ड्रेस घालून फोटो काढला तर वाटीच्या पोटावर लाल पट्टा येतो. गडद, साधे कपडे घाला. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून हे जाईल असं वाटत असेल तर जात नाही. उघड्या धातूवरची चमक पोलरायझरनं कमी होत नाही. केळीच्या पानावरची, तेलाच्या तवंगावरची, काचेवरची चमक मात्र त्यानं बऱ्यापैकी उतरते. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढा हिशोब ठेवा. आणि तर्रीची सगळी चमक काढून टाकू नका, ती रंगवलेल्या पाण्यासारखी मेलेली दिसते.

सरबतं

मे महिना आला की आमच्या अंगणात रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, राज्य. फोडून बिया काढायच्या (त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, होतं), सालींच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावायचे आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवायची. रोज थोडी साखर विरघळते, रस सुटतो, साली खाली बसतात. फोटो काढण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल तर ते हे, आणि इथे गार होण्याची भीतीही नाही. सकाळी ऊन तिरपं असताना बरणी ऊन आणि कॅमेरा यांच्या मध्ये ठेवा. मागून आलेलं ऊन रसातून आरपार येतं. वरच्या थरात न विरघळलेली साखर पांढरी, मध्ये साली जांभळट, तळाशी रस माणकासारखा. उन्हाचं बिंब चौकटीबाहेर राहील असं बघा, लेन्सवर हातानं सावली धरा आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) रसावर ठरवा. आजूबाजूचं अंगण पांढरं पडलं तर पडू दे.

पेल्यातलं सरबत याच तत्त्वावर, फक्त दोन युक्त्या जास्त. एक, प्यायला करता त्याहून थोडं पातळ करा. रस दाट असेल किंवा पेला रुंद असेल तर उजेड आरपार येत नाही आणि सरबत काळं दिसतं. सरळ, अरुंद, बिननक्षीचा पेला घ्या. दुसरी युक्ती, खिडकी मागे नसेल तर पेल्याच्या मागे पेल्यापेक्षा लहान पांढरा कागद तिरका उभा करा, म्हणजे पुढून तो दिसणार नाही पण खिडकीचा उजेड परतवून पेल्यात पाठवेल. जिऱ्याची पूड फोटो झाल्यावर घाला, आधी घातली तर पेल्याच्या काठाला कचरा चिकटल्यासारखी दिसते.

सोलकढीला यातलं काही लागू नाही. नारळाच्या दुधातून उजेड आरपार येत नाही, मागून उजेड दिला तर नुसता काळवंडलेला पेला मिळतो. तिला बाजूचा मऊ उजेड आणि गडद पाट. थोडा वेळ ठेवली की दूध वर आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) खाली असे थर होतात, म्हणून फोटोच्या क्षणी ढवळा, फेस बसू द्या, मग काढा. पन्हं गुळाचं असेल तर तपकिरी दिसणारच; फोटोसाठी साखर घालू नका, आपण गुळाचं पितो तर गुळाचंच दिसू दे. केशराच्या काड्या वर तरंगत असतानाच टिपा. ताकाला काळी पार्श्वभूमी, बाकी काही नाही.

धार ओततानाचा फोटो हवा तर एक माणूस ओतायला लागतो, आमच्याकडे ते काम मुलाचं. जिथे धार पडणार तिथे आधी चमचा उभा धरून फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, चमचा काढा. धार गोठवायला शटर किमान १/५००, शक्यतो १/१०००. रेशमासारखी लांब धार हवी तर कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) आणि शटर १/३०. पेल्यावरच्या थेंबांसाठी जाहिरातवाले ग्लिसरीन मारतात. कोकणातल्या मे महिन्यात फ्रिजमधला पेला बाहेर काढा, थेंब आपोआप जमतात.

वाफेलाही मागून उजेड आणि गडद पार्श्वभूमी लागते. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ दिसतच नाही. मोदकपात्राचं झाकण उघडल्यावर पहिले काही क्षण ती चांगली भरून येते, तेव्हा सलग बटण दाबून ठेवा. गार, दमट दिवशी वाफ जास्त दिसते, म्हणून श्रावण-भाद्रपदात हे फोटो चांगले येतात. पंखा बंद.

पाठवताना

लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरे, रंग एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत. अ‍ॅडोब आरजीबीत ठेवलात तर कितीतरी मोबाइलवर हळद फिकी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खाली लेन्स, अ‍ॅपर्चर लिहाच, पण पदार्थाचं प्रमाणही लिहा. “अप्रतिम!” लिहिणारे शंभर असतात, घावनाच्या पिठात पाणी किती, हे विचारणारा एखादाच खरा.

लेन्सचं म्हणाल तर कोकणातला पावसाळा म्हणजे बुरशीचं माहेर. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) आणि एक स्वस्त आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. बराच काळ साठच्या वर राहिला की काचेवर जाळं धरतं. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर वाळवा. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, रोजचा तवा वापरू नका. लेन्स तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, भुकटी रिंगेत जाते. फोडणी देताना फोटो काढणार असाल तर लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवा, तेलाचे तुषार त्यावर घ्या. धूळ आधी रबरी फुग्यानं उडवायची, मग मऊ मायक्रोफायबरनं हलकेच पुसायचं. पदरानं किंवा ओढणीनं पुसू नका. त्यात पिठाबरोबर एखादा वाळूचा कण असला तरी काचेवर चरा पडतो.